फिरंग, पट्टा आणि फॉइल

मनामात मराठी घरी पाहुणे आले की त्यांना दाखवायच्या जागा ठरलेल्या असतात. सोन्याचा बाजार, म्युझियम आणि शहराच्या पश्चिमेला करबाबाद गावाजवळचा कलात अल-बहरीन. या किल्ल्याला कोणी ‘पोर्तुगीज फोर्ट’ म्हटलं की आपल्या माणसाला लगेच वसई आठवते. आठवण अगदी रास्त आहे. १५२१ मध्ये अंतोनियो कोरैया याने इथला राजा मुक्रिन याचा पराभव केला. मुक्रिन त्या लढाईतल्या जखमांनी गेला आणि कोरैयाने आपल्या नावाला ‘बहरीन’ जोडून घेतलं. तेरा वर्षांनी, १५३४ मध्ये, त्याच पोर्तुगीजांना वसई मिळाली. इथून त्यांना १६०२ मध्ये इराण्यांनी हुसकावलं, वसईतून १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी.

किल्ल्यांवर पुष्कळ लिहून झालंय. मला आज बोलायचंय ते त्यांच्या तलवारीबद्दल.

मराठीत सरळ, लांब पात्याच्या तलवारीला ‘फिरंग’ म्हणतात. नावातच सगळं आलं. पोर्तुगीज आणि पुढे इतर युरोपीय व्यापारी सरळ पाती घेऊन आले. आपल्या कारागिरांनी त्यांना आपली मूठ, आपली परज बसवली. पातं तिकडचं, मूठ इकडची. दांडपट्ट्यांनाही अशी युरोपीय पाती बसवलेली सापडतात.

गंमत अशी, की साधारण तसंच सरळ पातं युरोपात वेगळ्या वाटेने गेलं. तिथे ते हलकं आणि अरुंद होत दरबारी माणसाच्या कमरेला आलं, आणि त्या तलवारीच्या सरावासाठी फ्रान्समध्ये फॉइल तयार झालं. टोकाला बोंड, म्हणजे जोडीदार जिवंत राहावा! आजचं फॉइल जास्तीत जास्त ११० सेंटिमीटर लांब आणि अर्ध्या किलोच्या आत असतं. वार नाही, फक्त टोकाने भोसकायचं, आणि तेही धडावरच. हातापायांवर लागलं तर गुण नाही.

फॉइलची सगळी विद्या बोटांत आहे. मूठ अंगठा आणि तर्जनीत धरतात, बाकीची बोटं साथ देतात. समोरचा पातं अडवायला आला की आपलं टोक त्याच्या पात्याखालून इंचभर फिरवून दुसऱ्या बाजूने काढायचं. त्याच्या पात्याला हलकी टिचकी मारून रस्ता मोकळा करायचा, आणि मग पुढचा पाय टाकून झेप. हल्ला झालाच तर आधी अडवायचा, मग लगेच उलट भोसकायचं. हा क्रम म्हणजे खेळाचा कायदाच आहे. दोघांचे दिवे एकदम लागले तर आधी हात लांबवून चाल कोणी केली हे पंच बघतो. तर्क साधा आहे: टोक छातीवर येत असताना शहाणा माणूस आधी स्वतःला वाचवतो.

आणि डावपेच? त्याला मराठीत आधीपासून शब्द आहे: हूल. मुद्दाम अर्धवट हल्ला करायचा, तो अडवू द्यायचा, त्याचं प्रत्युत्तर आपण अडवायचं आणि मग खरा घाव घालायचा. गनिमी कावा ज्याने शाळेत वाचलाय त्याला हे वेगळं शिकवावं लागणार नाही.

आता पट्टा बघा. पट्ट्याच्या खोबणीत हात कोपराच्या अलीकडेपर्यंत जातो. मनगट बंद! बोटांचं काम संपलं. ताकद येते खांद्यातून, कमरेतून, अंगाच्या गिरकीतून. चुकून असं झालेलं नाही. दरबारी द्वंद्वात समोर एकच माणूस, तोही साध्या कपड्यांत. आपल्याकडे ढाल, चिलखत, घोडे आणि चहूबाजूंनी माणसं. गर्दीत भोसकलेलं पातं अडकलं तर दुसरा शत्रू थांबत नाही, फिरतं पातं मात्र रिंगण मोकळं करतं. म्हणजे आपण पातं घेतलं, पण विद्या आपल्या गरजेची ठेवली.

इंजिनिअर असल्याने एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. १९५० च्या दशकात फॉइलला वीज जोडली गेली आणि स्पर्श दिव्यावर दिसू लागला. मग खेळाडूंनी लवचीक पातं चाबकासारखं झटकून टोक समोरच्याच्या पाठीवर पाडायला सुरुवात केली. बाहेर हाकललेला वार मागच्या दाराने आत आला! शेवटी २००५ च्या सुमारास आंतरराष्ट्रीय संघटनेने टोक दाबलेलं राहण्याचा किमान वेळ वाढवून सुमारे १४ मिलिसेकंद केला, तेव्हा हा प्रकार कमी झाला.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार. २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ती लंडनच्या लिलावातून मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. आनंद झालाच. पण तिचं पातं युरोपीय आहे म्हटल्यावर आपल्यातल्या काहींचा चेहरा पडतो, काही तर भांडायलाच उठतात. त्यांनी त्या पात्यावरची देवनागरी अक्षरं वाचावीत. तिथे सेनासाहेबसुभा रघुजींच्या नावाबरोबर ‘फिरंग’ हाही शब्द कोरलेला आहे. पातं कुठून आलं हे त्यांनी लपवलं नाही, सोन्याने मढवून मिरवलं. ज्याला आपल्या मनगटाची खात्री असते, त्याला पात्याच्या गावाची लाज वाटत नाही.

परदेशात नोकरी करणाऱ्या आम्हा लोकांना हे जरा जास्तच पटतं, एवढंच.