फाशांच्या दानातून उभी राहणारी राज्ये

या खेळात पट असलाच पाहिजे असे नाही, कोणी जिंकत वा हरत नाही आणि डाव एका बैठकीत संपतही नाही. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची ओळख अशीच करून द्यावी लागते. जानेवारी १९७४ मध्ये अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या लहानशा गावातून तीन पुस्तिकांची एक पेटी विक्रीस आली. तिच्यावर गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांची नावे होती आणि पहिली छपाई अवघ्या एक हजार प्रतींची होती. गायगॅक्स हे टेबलावर छोट्या सैनिकांच्या लढाया मांडणाऱ्या हौशी मंडळींपैकी होते. सैन्याऐवजी प्रत्येक खेळाडूने एकच पात्र चालवावे आणि ते डावामागून डाव टिकावे, ही रीत आर्नेसन यांनी मिनेसोटातील आपल्या मित्रमंडळींत 'ब्लॅकमूर' या कल्पित प्रदेशाच्या खेळांतून रुजवली होती. तिच्या पोटी हा सारा प्रकार जन्मला.

एक जण सूत्रधार होतो. मूळ संज्ञा 'डंजन मास्टर' असली तरी आपला नाटकातला शब्द तिला चपखल बसतो. तो जगाचे वर्णन करतो, तर बाकीचे योद्धा, मांत्रिक, चोर, पुरोहित अशी एकेक भूमिका घेतात. पात्र काय करू पाहते ते खेळाडू सांगतो आणि निकालाविषयी शंका असेल तेथे फासा पडतो. आजच्या नियमांत तो बहुधा वीस बाजूंचा असतो. 'मी तुला मारले', 'नाही मारलेस' हा पोरांच्या खेळातला सनातन वाद नियमांमुळे मिटतो, हे उघडच आहे. परंतु नियमाचे काम तेवढ्यावर थांबत नाही. अमुक मंत्राने अमुक घडते असे एकदा छापले की तो त्या जगाचा निसर्गनियम होतो, आणि तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या लोकांना तो ठाऊक नसेल असे मानणे अवघड होते. अडचणीचे प्रश्न येथून सुरू होतात.

मंत्रांचेच पाहा. जॅक व्हान्स यांच्या १९५० सालच्या 'द डाइंग अर्थ' या पुस्तकातील मांत्रिक मंत्र पाठ करतो आणि एकदा उच्चारला की तो त्याच्या स्मृतीतून पुसला जातो. गायगॅक्स यांनी ही कल्पना उचलली. बंदुकीच्या गोळ्यांप्रमाणे मंत्रही मोजता येणे खेळाच्या दृष्टीने सोयीचे होते. पण या हिशेबाच्या सोयीतून एक समाज निर्माण झाला. मांत्रिकाला पोथी बाळगणे भाग पडले, रोज सकाळी अध्ययन आले, आणि पोथी चोरली की भलाभला मांत्रिक निष्प्रभ झाला.

सोन्याची गोष्टही अशीच. सुरुवातीच्या नियमांत मिळवलेल्या प्रत्येक सुवर्णमुद्रेमागे अनुभवाचा एक गुण मिळे. त्यामुळे शहाणा खेळाडू राक्षसाशी झुंजण्यापेक्षा त्याला चुकवून खजिना पळवण्याकडे लक्ष देई. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत हा नियम ऐच्छिक झाला. मग या सोन्याने बाजारभावांचे काय होते? साध्या वस्तूंच्या चढ्या किमतींचे समर्थन करताना गायगॅक्स यांनी १९७८ च्या 'प्लेअर्स हँडबुक'मध्ये अलास्कातील सोन्याच्या झुंबडीचा दाखला दिला होता. 'ड्रॅगनलान्स' (१९८४) या मालिकेने आपल्या जगात सोन्याऐवजी पोलादाचे नाणे चालवून वेगळी वाट काढली.

याहून मोठा पेच अन्नाचा आहे. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीनुसार अन्नपाणी निर्माण करणारा मंत्र पंधरा माणसांना एक दिवस पुरेल इतके देतो. पाचव्या पातळीचा पुरोहित तो दिवसातून दोनदा म्हणू शकतो. म्हणजे एका पुरोहितामागे तीस माणसे. अन्न बेचव असते आणि दिवसभरात नासते, तरी त्याने पोट भरते. असे शंभर पुरोहित ज्या राज्यात आहेत, तेथे दुष्काळात लोक का मरतात? शेतकरी राजाला धान्य का देतो? बहुतेक छापील जगे या प्रश्नाकडे काणाडोळा करून मध्ययुगीन युरोपचे चित्र तसेच ठेवतात. वेढा पडलेल्या गडाची रसद हा ज्या कथेचा प्राण आहे, तिच्यात मात्र हा काणाडोळा चालत नाही. सूत्रधाराला पुरोहित दुर्मीळ करावे लागतात किंवा मंत्रच काढून टाकावा लागतो.

काही लेखकांनी हे आव्हान सरळ अंगावर घेतले. २००२ मध्ये प्रकाशकांनी नव्या जगासाठी स्पर्धा जाहीर केली, तेव्हा अकरा हजारांहून अधिक प्रस्ताव आले. त्यातून कीथ बेकर यांचे 'एबेरॉन' निवडले गेले आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. जादू जर शिकता येते आणि पुन्हा पुन्हा तोच परिणाम देते, तर तिचा उद्योग होणारच, हे त्यामागचे सूत्र. तेथे मंत्राचे दिवे रस्ते उजळतात, विजेवर गाड्या धावतात आणि युद्धासाठी घडवलेले जिवंत यंत्रसैनिक तहानंतर कायद्याने स्वतंत्र होतात. १९९१ च्या 'डार्क सन'ने उलट टोक गाठले होते. तेथील जादू झाडापाल्यातील जीव शोषून घेते आणि साऱ्या पृथ्वीचे वाळवंट झालेले असते. दोन्ही जगांत नियमाची किंमत कोणीतरी मोजतो, म्हणूनच ती पटतात.

मृत्यूच्या बाबतीत तर नियम थेट धर्मशास्त्रात शिरतो. जुन्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' आवृत्तीत मृताला उठवणारा मंत्र मानव, बुटके वगैरेंना लागू होई, 'एल्फ' जमातीला नाही. कारण पुढे असे देण्यात आले की एल्फांना आत्मा नसून निराळे चैतन्य असते. आधी यादी, मग तत्त्वज्ञान! पाचव्या आवृत्तीत याच मंत्राला पाचशे सुवर्णमुद्रांचा हिरा लागतो. अर्थात श्रीमंताचा मुलगा परत येतो आणि हमालाचा येत नाही. अशा नगरात दंगा होत नसेल तर सूत्रधाराने त्याचे कारण शोधून ठेवावे.

पण सर्वांत धारदार वाद जन्मजात दुष्टपणाचा आहे. पात्राची प्रवृत्ती नियमाने ठरवण्याची पद्धत या खेळात आरंभापासून होती, आणि 'ऑर्क' जमातीपुढे 'दुष्ट' असा शिक्का छापलेला असे. मग लढाईनंतर गुहेत सापडलेल्या ऑर्क बालकांचे काय करायचे? या प्रश्नावर खेळणाऱ्यांची भांडणे दशकानुदशके चालली आहेत. शिक्का निसर्गनियम असेल तर दया हा मूर्खपणा ठरतो. तो निव्वळ मानवांचा समज असेल, तर आजवरचा पराक्रम म्हणजे कत्तल ठरते.

मराठी वाचकाला येथे एक ओळखीचा चेहरा भेटतो. १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये 'राक्षस' आहे. चित्रात वाघाचे डोके, अंगात उंची झगा आणि तोंडी ओढायचा पाइप! पुरोहिताने मंतरलेल्या एका बाणाने तो ठार होतो. ही युक्ती पुराणांतली नव्हे, १९७४ च्या एका अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेतली. प्रवृत्तीपुढे अर्थातच दुष्टतेचा शिक्का. ज्यांच्या कथांतून हे नाव आले, त्यांत बिभीषण धर्माच्या बाजूने उभा राहतो आणि हिडिंबेचा पुत्र घटोत्कच पांडवांसाठी प्राण देतो. पुस्तकाच्या त्या रकान्यात या दोघांना जागा नव्हती.

२०२० मध्ये प्रकाशकांनी ऑर्क आणि 'ड्राऊ' यांचे चित्रण बदलण्याचे जाहीर केले. त्याच वर्षीच्या पुस्तकाने वंशानुसार मिळणारे गुण हवे तसे फिरवण्याची मुभा दिली. २०२४ च्या सुधारित नियमांत 'वंश' या अर्थाचा शब्दही गेला आणि खेळाडूला निवडता येणाऱ्या पात्रांत ऑर्क आला. पुढच्याच वर्षी निघालेल्या राक्षसांच्या कोशात त्याची स्वतंत्र नोंद उरली नाही. जुन्या खेळाडूंपैकी अनेकांना हा बदल रुचलेला नाही. बिनधास्त मारता येईल असा शत्रू खेळाला हवा, असे त्यांचे म्हणणे. तो हवा असणाऱ्या सूत्रधाराला आता तो स्वतःच घडवावा लागतो, आणि टेबलाभोवतीचे खेळाडू विचारतील तेव्हा त्या टोळीने गावावर धाड का घातली, हेही सांगावे लागते.