मान्सून, केऑस आणि अंदाजाची मर्यादा

२०२१ च्या उन्हाळ्यात दिल्लीकरांनी मान्सूनची जवळजवळ महिनाभर वाट पाहिली. राजधानीत मान्सून सर्वसाधारणपणे २७ जूनला पोहोचतो. त्या वर्षी तो १५ जूनच्या सुमारासच येईल, असा अंदाज भारतीय हवामान विभागाने दिला होता. त्यानंतर तारखा पुढे सरकत गेल्या आणि प्रत्यक्षात मान्सून १३ जुलैला दाखल झाला. संगणकीय प्रारूपांचे, म्हणजे मॉडेलांचे, असे अपयश क्वचितच घडते, असे स्पष्टीकरण विभागाने त्या वेळी दिले.

वेधशाळेने पाऊस नाही म्हटले की छत्री घेऊनच निघावे, हा विनोद मराठी घरांना नवा नाही. परंतु अंदाज चुकण्याचे मूळ प्रत्येक वेळी वेधशाळेच्या कारभारात नसते. काही वेळा ते वातावरणाच्या गणितातच असते. या गणिताचा अभ्यास करणाऱ्या शाखेला केऑस सिद्धांत म्हणतात.

'केऑस'साठी मराठीत गोंधळ, अनागोंदी, अव्यवस्था, कोलाहल असे प्रतिशब्द वापरले जातात. अनुवाद करताना यांपैकी प्रत्येक शब्दापाशी अडखळायला होते, कारण त्या सर्वांतून नियम मोडल्याचा अर्थ निघतो. विज्ञानातील केऑसमध्ये एकही नियम मोडला जात नाही. पुढची प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवरून अचूक ठरते आणि तरीही दूरचे भविष्य हाती लागत नाही. म्हणून या लेखात मूळ शब्दच ठेवला आहे.

तीन दशांश स्थळे

१९६१ च्या हिवाळ्यात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत एडवर्ड लॉरेन्झ हे हवामानशास्त्रज्ञ एका छोट्या संगणकावर वातावरणाचे सोपे प्रारूप चालवीत होते. एक गणित पुन्हा पाहावे म्हणून त्यांनी आधीच्या छापील कागदावरील आकडे मध्यापासून यंत्रात भरले. संगणकाच्या स्मृतीत ०.५०६१२७ हा आकडा होता, तर कागदावर जागा वाचविण्यासाठी ०.५०६ एवढेच छापलेले होते. फरक एक दशसहस्रांशाच्या आसपासचा होता. नवे हवामान काही काळ जुन्याबरोबर चालले, मग हळूहळू वेगळे झाले आणि शेवटी दोहोंत काहीही साम्य उरले नाही.

यंत्र बिघडले असावे, अशी लॉरेन्झ यांची पहिली शंका होती. ती खोटी ठरल्यावर त्यांनी तीनच समीकरणांची एक व्यवस्था अभ्यासली आणि १९६३ मध्ये तिच्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. ब्राझीलमधील फुलपाखराच्या पंखांच्या फडफडीने टेक्सासमध्ये चक्रीवादळ उठेल काय, हा गाजलेला प्रश्न त्यांच्या १९७२ मधील भाषणाचे शीर्षक होता. फुलपाखरू वादळ निर्माण करते, असा त्याचा अर्थ अनेकदा लावला जातो, तो बरोबर नाही. एवढ्या क्षुल्लक फरकामुळेही कालांतराने वातावरणाचा मार्ग बदलू शकतो आणि असे फरक मोजणे कोणालाही शक्य नाही, एवढेच त्यांना म्हणायचे होते.

याचा अनुभव साध्या गणनयंत्रावर घेता येतो. शून्य आणि एक यांमधील कोणतीही संख्या घ्यावी, ती एकातून वजा करावी, आलेल्या उत्तराने मूळ संख्येला गुणावे आणि गुणाकाराची चौपट करावी. उत्तर घेऊन हीच कृती पुन्हा करावी. ०.३०० पासून आरंभ केल्यास पहिले उत्तर ०.८४० येते, ०.३०१ पासून केल्यास ०.८४२. सहाव्या पायरीला पहिल्या मालिकेत ०.३२१ आणि दुसरीत ०.२५८ अशी उत्तरे मिळतात. दहाव्या पायरीला एकीकडे ०.०४३, तर दुसरीकडे ०.६२० येते. परिस्थितिविज्ञानाचे अभ्यासक रॉबर्ट मे यांनी १९७६ मध्ये याच प्रकारच्या समीकरणाकडे, प्राण्यांच्या संख्येतील चढउतारांच्या संदर्भात, शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले होते.

मात्र गुंतागुंतीची दिसणारी प्रत्येक व्यवस्था अशी नसते. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील रामकृष्ण रामस्वामी आणि त्यांचे सहकारी अवधेश प्रसाद यांनी काही अशा गणिती व्यवस्थांचा विस्तृत अभ्यास केला आहे, ज्यांची आकृती केऑससारखीच विचित्र दिसते. परंतु त्यांत शेजारून निघालेले दोन मार्ग एकमेकांपासून दुरावत नाहीत. वातावरणाच्या बाबतीत मात्र ते दुरावतातच.

मोजमापाची चूक

लॉरेन्झ यांच्या संगणकात चूक चौथ्या दशांश स्थळावर होती. प्रत्यक्ष वेधशाळांना एवढे भाग्य लाभत नाही. २९ मे २०२४ रोजी दिल्लीतील मुंगेशपूर येथील स्वयंचलित केंद्राने ५२.९ अंश सेल्सियस तापमान नोंदविले आणि देशभर खळबळ उडाली. तपासणीत उपकरण सुमारे तीन अंश जास्त दाखवीत असल्याचे आढळले. ही चूक मोठी होती म्हणून पकडली गेली. अर्ध्या अंशाच्या चुका, समुद्रावरील मोठाले रिकामे पट्टे, ढगांच्या पोटातील न मोजता येणारी आर्द्रता, या सर्वांसह रोजचे गणित सुरू होते.

उपकरणे सुधारल्यावर अंदाज हवा तेवढा लांबविता येईल, असे वाटणे स्वाभाविक आहे. १९६९ मध्ये लॉरेन्झ यांनी त्यालाही मर्यादा असल्याचे दाखविले. लहान आकाराच्या हालचालींतील चुका झपाट्याने वाढतात आणि मोठ्या हालचालींत शिरतात; त्यामुळे मोजमाप दुप्पट सूक्ष्म केले तरी अंदाजाची मुदत दुप्पट होत नाही. अमुक दिवशी अमुक ठिकाणी पाऊस पडेल, असे सांगण्याची कमाल मुदत साधारण दोन आठवडे मानली जाते. ढगफुटीसारख्या स्थानिक घटनांत ती काही तासांवर येते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा कुलाब्याला जेमतेम ७४ मिलिमीटर पडला होता. २८ जून २०२४ च्या सकाळी दिल्लीच्या सफदरजंग केंद्रावर २२८.१ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, तीही असाच धक्का देणारी होती.

शिमला ऑफिस आणि सोळा घटक

दोन आठवड्यांची मर्यादा मान्य केली, तर एप्रिल महिन्यात चार महिन्यांच्या पावसाचा अंदाज कसा देता येतो, हा प्रश्न उरतो. भारतात हा प्रयत्न केऑस सिद्धांताहून कितीतरी जुना आहे. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या हवामान विभागाचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फाच्या प्रमाणावरून १८८६ मध्ये मान्सूनचा पहिला नियमित अंदाज दिला. पुढे गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या वायुभाराच्या नोंदींतून पावसाशी संबंध असलेले घटक शोधले. विभागाचे मुख्यालय कोलकात्याहून शिमल्याला, तेथून १९२८ मध्ये पुण्याला आणि १९४४ मध्ये दिल्लीला गेले. मुख्यालय गेले, तरी पुणेकरांच्या तोंडी 'शिमला ऑफिस' हे नाव राहिले, ते आजही शिवाजीनगरच्या चौकाला आहे.

या परंपरेतील सर्वांत गाजलेले प्रारूप वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे. १९८८ पासून वापरात आलेल्या या प्रारूपात तापमान, वायुभार, वारे आणि बर्फ यांच्याशी संबंधित सोळा घटकांवरून संपूर्ण देशाच्या पावसाचा आकडा काढला जाई. १९८८ ते २००१ या काळात देशात एकदाही मोठा दुष्काळ पडला नाही आणि प्रारूपाचा लौकिक वाढला. बहुतेक वर्षे 'सर्वसाधारण' असतात, तेव्हा 'सर्वसाधारण' म्हणणारा अंदाज बरोबर ठरण्याची शक्यता मुळातच अधिक असते, हे त्या यशात काहीसे झाकले गेले.

२००२ मध्ये या प्रारूपाने १०१ टक्के पावसाचा अंदाज दिला. प्रत्यक्षात ८१ टक्के पाऊस झाला. पेरणीनंतरच्या जुलै महिन्यात तर देशात सरासरीच्या निम्माच पाऊस पडला. ज्यांनी जूनच्या सरींवर विश्वासून बियाणे मातीत घातले, त्यांच्यापुढे दुबार पेरणी किंवा रिकामे रान हे दोनच पर्याय होते. पुढच्याच वर्षी सोळा घटकांचे प्रारूप बाजूला ठेवण्यात आले. नव्या प्रारूपांनाही यश सहज मिळाले नाही. २००९ मध्ये जूनच्या सुधारित अंदाजात ९३ टक्के सांगितले गेले आणि पाऊस ७८ टक्के झाला.

फुलपाखराचे दोन पंख

हंगामी अंदाजाला शास्त्रीय आधार देणारा विचार दिल्लीशी निगडित आहे. डिसेंबर १९७७ मध्ये येथे मान्सूनच्या गतिशास्त्रावर आंतरराष्ट्रीय परिसंवाद झाला. त्याच्या १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ज्यूल चार्नी आणि जगदीश शुक्ला यांचा लेख आहे. उष्ण कटिबंधातील हंगामी सरासरी ही रोजच्या हवेपेक्षा समुद्राचे तापमान, जमिनीतील ओलावा, बर्फ अशा संथपणे बदलणाऱ्या गोष्टींवर अधिक अवलंबून असते, म्हणून तिचा अंदाज शक्य आहे, असे त्यांनी मांडले. शुक्ला हे उत्तर प्रदेशातील बलिया जिल्ह्याच्या एका खेड्यातले. लॉरेन्झ ज्या संस्थेत होते, तेथेच ते पुढे शिकले आणि राजीव गांधी यांच्या काळात दिल्लीत मध्यम मुदतीच्या अंदाजाचे केंद्र उभे करण्यात त्यांचा वाटा होता.

केऑस आणि हंगामी अंदाज यांचा मेळ कसा बसतो, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ टिम पामर यांनी १९९४ मध्ये सोप्या रीतीने दाखविले. तो लेखही दिल्लीच्या भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आला होता. लॉरेन्झ यांच्या तीन समीकरणांची आकृती काढली की पंख पसरलेल्या फुलपाखरासारखी दिसते. गणिताचा बिंदू एका पंखात काही फेऱ्या घेतो, मग दुसऱ्यात शिरतो. केव्हा शिरेल ते दूरवरून सांगता येत नाही. पामर यांनी एका पंखाला मान्सूनचा जोर मानले आणि दुसऱ्याला पावसातील खंड. मग समीकरणांना बाहेरून एक सौम्य, सततचा रेटा दिला, जसा एल निनोच्या वर्षी तापलेला प्रशांत महासागर वातावरणाला देतो. पंख जागच्या जागीच राहिले. बिंदूची उडीही पूर्वीइतकीच अनिश्चित राहिली. परंतु तो एका पंखात अधिक वेळ घालवू लागला.

थोडक्यात, समुद्र पारडे झुकवतो, पण निकाल ठरवीत नाही. १९९७ मध्ये तीव्र एल निनो असूनही भारतात १०२ टक्के पाऊस झाला. २०२३ मध्ये ऑगस्टचा पाऊस सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी, म्हणजे १९०१ पासूनचा सर्वांत कमी होता. तरीही सप्टेंबरने हात दिला आणि हंगाम ९४ टक्क्यांवर संपला. देशाच्या हिशेबात हे वर्ष फारसे वाईट ठरले नाही. ज्याचे सोयाबीन ऑगस्टमध्ये करपले, त्याला मात्र या ९४ टक्क्यांचा उपयोग नव्हता.

नोएडातील अनेक उत्तरे

शुक्ला यांचा ज्यात वाटा होता, ते राष्ट्रीय मध्यम मुदत हवामान अंदाज केंद्र १९८८ मध्ये स्थापन झाले आणि आज दिल्लीलगत नोएडाच्या सेक्टर ६२ मध्ये आहे. त्याच्यासाठी अमेरिकेकडून क्रे कंपनीचा महासंगणक घेण्यात आला, परंतु हवा होता तेवढा शक्तिशाली संगणक देण्यास अमेरिका राजी झाली नाही. त्याच वर्षी पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला, ही हकीकत मराठी वाचकांना ठाऊक आहे. सप्टेंबर २०२४ पासून नोएडात ८.२४ पेटाफ्लॉप क्षमतेचा 'अरुणिका' आणि पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेत ११.७७ पेटाफ्लॉप क्षमतेचा 'अर्क' कार्यरत आहेत. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक हजार लाख कोटी आकडेमोडी.

या ताकदीचा मोठा भाग एकच गणित पुन्हा पुन्हा करण्यात खर्च होतो. आरंभीचे आकडे चुकीचे असणारच, हे गृहीत धरून ते जाणूनबुजून थोडेथोडे बदलले जातात आणि प्रत्येक बदलासह प्रारूप वेगळे चालविले जाते. पुण्याच्या संस्थेने २०१८ मध्ये हवामान विभागासाठी सुरू केलेल्या अशा समूह अंदाजात २१ गणिते होती. सर्व उत्तरे जवळपास आली, तर अंदाजावर भरवसा ठेवावा; पांगली, तर वातावरण अशा वळणावर आहे की तेथे कोणीही ठाम बोलू नये. जोरदार पावसाची शक्यता ६० टक्के, असे बातमीत येते तेव्हा त्यामागे अशी मोजणी असते. मराठी बातमीत हा आकडा गळून 'जोरदार पाऊस होणार' एवढेच उरते, तेव्हा अंदाजातील सर्वांत महत्त्वाची माहिती हरवते. हा दोष शास्त्रज्ञांचा नसून आम्हा बातम्या लिहिणाऱ्यांचा आहे.

दोन आठवडे आणि पूर्ण हंगाम यांच्या मधला टप्पा शेतीसाठी सर्वाधिक मोलाचा असतो. मान्सूनचा जोर आणि खंड यांची ये-जा साधारण तीस ते साठ दिवसांच्या लयीत होत असल्याने तेथे काही प्रमाणात पुढचे दिसते. हवामान विभाग दर गुरुवारी पुढील चार आठवड्यांचा अंदाज प्रसिद्ध करतो. त्यात तारखा आणि सरी शोधू नयेत; येणारा आठवडा सरासरीच्या वर की खाली, एवढेच त्यात असते.

२०२५ मध्ये मान्सून २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचला. मुंबईतील हे आगमन आतापर्यंतचे सर्वांत लवकरचे होते. त्यानंतर महिनाअखेरीस त्याची वाटचाल थांबली, ती जूनच्या मध्यापर्यंत. त्या वर्षी केंद्रीय कृषी मंत्रालयाने कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेला, शक्यतेच्या स्वरूपातील अंदाज १३ राज्यांतील सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना मोबाईल संदेशाद्वारे पाठविला होता. पाऊस लवकर आला असला तरी मध्ये खंड पडेल, हे त्यातून पेरणीपूर्वीच कळविण्यात आले होते.