परवान्याची बंद खिडकी

मुंबईच्या फुटपाथवर वडापावची गाडी लावायची तर कोणते कागद लागतात, याचे कायद्याच्या पुस्तकातले उत्तर दोन ओळींत मावते. जागेसाठी महापालिकेचा फेरीवाला परवाना हवा आणि पदार्थासाठी अन्नसुरक्षा कायद्याखालची नोंदणी. अडचण एवढीच की यातला पहिला कागद नव्याने देणे महापालिकेने १९७८ च्या सुमारास थांबवले, आणि त्यानंतर शहराच्या दोन पिढ्या रस्त्यावर खात मोठ्या झाल्या. गाडीवाला म्हणजे कायदा मोडून बसलेला माणूस, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. इतिहास पाहिला तर क्रम उलटा दिसतो: आधी खिडकी बंद झाली, मग रांगेत उभे राहिलेले बेकायदा ठरले. त्याचे मूळ १९७८ च्याही मागे जाते. खाद्यविक्रेत्याकडे आपल्या कायद्याने पाहिले ते वाहतुकीच्या नजरेने. तो काय शिजवतो आणि कोणत्या पाण्यात भांडी विसळतो यापेक्षा तो कुठे उभा आहे, हाच प्रश्न सरकारदरबारी मोठा राहिला.

एकोणिसाव्या शतकातल्या नगरपालिकांना रस्त्यावरचा बाजार मुळातच खुपत होता. मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या नावाचे मार्केट १८६९ मध्ये उभे राहिले. पुण्यात शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरणारी मंडई १८८६ मध्ये रे मार्केटच्या छपराखाली गेली. पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता, तो पैसा शिक्षणावर खर्चावा म्हणून. आज ती मंडई त्यांच्याच नावाने ओळखली जाते, हा योगायोग म्हणावा की काय कोण जाणे. छपराखालच्या बाजारात गाळ्याचे भाडे येते, झाडलोट करता येते, देखरेख ठेवता येते. त्यामुळे बाहेर बसणारा विक्रेता हा पालिकेच्या उत्पन्नाचाही प्रतिस्पर्धी ठरला. १८६० च्या दंडसंहितेत अपायकारक अन्न विकणे आणि सार्वजनिक वाटेत अडथळा करणे हे दोन्ही गुन्हे एकाच प्रकरणात होते. पण पहिला सिद्ध करायला तपासणी लागते, दुसऱ्याला शिपायाची नजर पुरते. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्याने हाच सोपा रस्ता धरला. पुढे त्यात घातलेले कलम ३१३-अ म्हणते की परवान्याशिवाय सार्वजनिक जागी काहीही विकायचे नाही, आणि कलम ३१४ आयुक्तांना असा माल विनानोटीस उचलण्याचा अधिकार देते. भजी असोत की भांडी, कलम तेच.

दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी १९६६ मध्ये वडा पावात घालून विकायला सुरुवात केली, असे सांगितले जाते. गिरणी कामगार आणि लोकलचे प्रवासी यांना उभ्या उभ्या, चार पैशांत पोट भरेल असे काही हवे होते. ती गरज हॉटेलांनी भागवली नाही, गाड्यांनी भागवली. नेमक्या त्याच काळात परवान्याचा दरवाजा लोटला गेला. विक्रेते मात्र वाढत राहिले, कारण त्यांना रस्त्यावर आणणारी कारणे परवाना खात्यात नव्हती; ती गिरण्यांच्या बंद दरवाजांत आणि गावाकडच्या शेतीत होती. टाटा समाजविज्ञान संस्था आणि ‘युवा’ ही संस्था यांच्या १९९८ च्या पाहणीत महापालिकेच्या जागेवर १,०२,४०१ फेरीवाले मोजले गेले. परवानाधारक होते सुमारे १५ हजार. या तफावतीवर महापालिकेने काढलेला तोडगा त्या काळच्या एका कागदावर दिसतो. फेरीवाल्यांकडून रोज पैसे घेऊन त्यांना पावती दिली जाई, आणि ती रक्कम कशाची, तर अनधिकृत जागावापराबद्दलचा आणि कचरा उचलण्याबद्दलचा आकार. म्हणजे पालिका एका हाताने पैसे घेत होती आणि त्याच कागदावर तुम्ही अनधिकृत आहात हेही बजावत होती. फेरीवाल्यांनी तरीही त्या पावत्या जपून ठेवल्या. आपण इथे अमुक वर्षांपासून बसतो, हे दाखवायला त्यांच्याजवळ दुसरे काय होते? पावतीच्या पलीकडे हप्ता होता, पण त्याची पावती नसे.

न्यायालयांनी या गुंत्यात हात घातला तो १९८५ पासून. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने बॉम्बे हॉकर्स युनियनच्या खटल्यात महापालिकेचे अधिकार उचलून धरले, दुसऱ्याची गैरसोय करून धंदा करण्याचा हक्क कुणाला नाही असे सांगितले, आणि त्याबरोबरच फेरीवाला क्षेत्रे आखण्याची वाट दाखवली. १९८९ मध्ये दिल्लीतल्या सोदान सिंग खटल्यात घटनापीठाने रस्त्यावर विक्री करणे हा व्यवसायस्वातंत्र्याचा भाग मानला, मात्र ठरावीक जागेवर हक्क नाही असेही बजावले. तत्त्व मिळाले, जागा मिळाली नाही. डिसेंबर २००३ मध्ये मुंबईसाठी सर्वोच्च न्यायालयाने ज्या अटी घातल्या त्या एखाद्या गाडीला लावून पाहाव्यात. जागा १ मीटर बाय १ मीटर. टेबल, स्टँड, हातगाडी नाही. धार्मिक स्थळ, शाळा, रुग्णालय यांपासून १०० मीटर आणि बाजार किंवा रेल्वे स्टेशन यांपासून १५० मीटर दूर. वेळ सकाळी ७ ते रात्री १०. आता त्या चौकोनात कढई, शेगडी, सिलिंडर, पावाची लादी, चटणीचे डबे, पाण्याचा पिंप आणि खुद्द विक्रेता बसवा. शिवाय न्यायालयाच्या आदेशांचा आधार घेऊन रस्त्यावर अन्न शिजवायलाच महापालिका मनाई करत आली. भाजीच्या पाटीला हा चौकोन कदाचित पुरेल. तळणीला पुरत नाही. आणि १५० मीटरची रेषा आखली की दादर स्टेशनबाहेरचा तो पहिला वडापावही तिच्या आत सापडतो.

याच सरकारी यंत्रणेला मनात आले तेव्हा जागा सापडली होती, हे विसरू नये. १९९५ मध्ये युती सरकारने १ रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे काढली, तेव्हा राज्यभर मोक्याच्या जागी सरकारी मेहेरबानीने टपऱ्या उभ्या राहिल्या. अनुदान संपल्यावर त्यांतल्या अनेकांत झुणका जाऊन इडली-वडा आला, आणि मग त्या हटवण्यासाठी कोर्टकचेऱ्या झाल्या. योजनेचे जमाखर्च काहीही असोत, फुटपाथवर अन्नाला जागा नाही हे भौतिक सत्य नव्हते एवढे त्यातून दिसले.

परवान्याची खिडकी पुन्हा उघडण्याला तीन आक्षेप घेतले जातात आणि तिन्ही गंभीर आहेत. पहिला पादचाऱ्याचा: फुटपाथ चालायला असतो, आणि म्हातारी माणसे, चाकाची खुर्ची वापरणारे यांना गाड्यांमुळे रस्त्यावर उतरावे लागते. हे खरे आहे. पण फुटपाथ अडतो तो कुणी किती जागा घ्यायची हे आखून न दिल्यामुळेही. परवानाधारकाला दोन पावले मागे सरकवता येते, कारण त्याला गमावण्यासारखे काही असते. विनापरवाना माणूस पालिकेची गाडी येताच पळतो आणि ती गेली की परततो. सप्टेंबर २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली आणि त्यानंतर स्टेशनांबाहेरच्या फेरीवाल्यांवर कारवाईची लाट आली. पण गर्दी कोंडली होती ती अरुंद पुलावर. दुसरा आक्षेप आरोग्याचा, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. मात्र तो बंद खिडकीच्या बाजूने नव्हे, विरुद्ध बाजूने बोलतो. ज्याला रोज जागा गमावण्याची भीती, तो पाण्याच्या जोडणीवर खर्च कशाला करील? अन्नसुरक्षा कायद्याच्या २०११ च्या नियमांनी वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या विक्रेत्यासाठी १०० रुपयांत नोंदणी ठेवली आणि स्वच्छतेचे निकष दिले. तिथे कायदा गाडीच्या जागेऐवजी कढईकडे वळला. तिसरा आक्षेप संख्येचा: खिडकी उघडली की देशभरातून लोंढा येईल. पण चार दशकांहून अधिक काळ खिडकी बंद ठेवून लोंढा थांबला नाही. फक्त मोजता येईनासा झाला.

२०१४ चा पथविक्रेता कायदा या सगळ्यावरचा उतारा म्हणून आला. दर पाच वर्षांनी सर्वेक्षण, प्रभागाच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घेणे, सर्वेक्षण पुरे होईपर्यंत कुणाला न हटवणे, आणि नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के जागा विक्रेत्यांच्या प्रतिनिधींना. २०११ च्या जनगणनेची १ कोटी २४ लाख लोकसंख्या धरली तर मुंबईत ही मर्यादा तीन लाखांच्या वर जाते. प्रत्यक्षात २०१४ च्या सर्वेक्षणात सुमारे ९९ हजार अर्ज आले आणि अधिवासासारख्या अटींची चाळणी लागून जेमतेम १५ हजारांच्या आसपास पात्र ठरले. समितीवरच्या प्रतिनिधींसाठी मतदान व्हायला ऑगस्ट २०२४ उजाडला. मधल्या काळात, २०२० मध्ये, केंद्राची स्वनिधी योजना आली. तिच्यात १० हजारांच्या कर्जासाठी ज्याच्याकडे २०१४ च्या कायद्याखालचे विक्री प्रमाणपत्र नाही अशालाही महापालिकेचे शिफारसपत्र चालत होते. तेव्हा मुंबईतल्या एखाद्या गाडीवाल्याच्या पिशवीत जुन्या पावत्या, अन्ननोंदणीचा कागद, दंडाच्या चिठ्ठ्या आणि बँकेला दाखवलेले शिफारसपत्र हे सगळे एकत्र सापडू शकते. नसतो तो फक्त परवाना.