प्लॅटिनमचा अनपेक्षित गुण

प्लॅटिनम हा धातू सोन्यासारखाच अलिप्त. तो गंजत नाही, सहजासहजी विरघळत नाही. प्रयोगशाळेत एखाद्या द्रवातून वीज सोडावयाची झाली, तर प्लॅटिनमचे विद्युदग्र वापरावे, ते स्वतः कोणत्याही क्रियेत भाग घेणार नाहीत, असा संशोधकांचा विश्वास असे. अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठात हा विश्वास खोटा ठरला, आणि त्यातूनच कर्करोगावरील एक प्रभावी औषध वैद्यकाच्या हाती आले.

हे विद्यापीठ सरकारी असून १८५५ साली शेतकीच्या शिक्षणासाठी स्थापन झालेल्या महाविद्यालयातून ते वाढले. १९६१ साली बार्नेट रोझेनबर्ग तेथे अध्यापक म्हणून आले. त्यांचा मूळ विषय पदार्थविज्ञान. पेशीचे विभाजन होताना तिच्या आत तंतूंची जी आकृती उमटते, तिची चित्रे पाहून त्यांना लोहचुंबकाभोवती जुळणाऱ्या लोखंडी किसाची आठवण झाली. मग विभाजनाच्या क्रियेवर विद्युत्क्षेत्राचा परिणाम होत असेल काय? प्रश्न पदार्थविज्ञानाच्या अभ्यासकाचा होता. परंतु त्याचे उत्तर शोधण्यास ते एक शास्त्र पुरेसे नव्हते.

सूक्ष्मजीवांचे काम लोरेटा व्हॅन कॅम्प यांनी सांभाळले. ई. कोलाय जातीचे जीवाणू पोषक द्रवात वाढवून त्यातून प्लॅटिनमच्या विद्युदग्रांनी प्रवाह सोडण्यात आला. जीवाणूंचे विभाजन थांबले. मात्र त्यांची वाढ थांबली नाही. दुभंगावयाचे सोडून ते लांबतच गेले आणि काही तर नेहमीच्या तीनशेपट लांबीचे धागे बनले. हा विजेचाच प्रताप, असे मानून थांबणे सोपे होते. पण संशोधकांनी शंका सोडली नाही. आधी वीज सोडून ठेवलेल्या द्रवात ताजे जीवाणू घातले, तेव्हा तेही तसेच लांबले. म्हणजे करणी विजेची नसून द्रवात उतरलेल्या कशाची तरी होती.

येथे रसायनशास्त्र मदतीस आले. थॉमस क्रिगस हे या कामातील तिसरे सहकारी. प्लॅटिनम अत्यल्प प्रमाणात विरघळून द्रवातील अमोनियम क्लोराइडशी संयोग पावत होते. हे सर्व १९६५ साली प्रसिद्ध झाले. पुढे ज्या संयुगांत हा गुण आढळला, त्यांतील एक रसायनज्ञांच्या जुन्या परिचयाचे निघाले. मिकेले पेयरोने या इटालियन शास्त्रज्ञाने ते १८४५ च्या सुमारास तयार केले होते आणि १८९३ साली आल्फ्रेड वेर्नर यांनी त्याची रचना उलगडली होती. त्यात क्लोरिनचे दोन अणू प्लॅटिनमच्या एकाच बाजूस असतात. ते समोरासमोर असलेल्या भावंडाच्या अंगी हा गुण नाही. सव्वाशे वर्षे हे संयुग पुस्तकात होते, पण ते जिवंत पेशीवर घालून पाहण्याचे कोणाला कारण पडले नव्हते.

कर्करोग म्हणजे पेशींचे अनिर्बंध विभाजन. तेव्हा विभाजन रोखणारे द्रव्य अर्बुदावर वापरून पाहणे ओघानेच आले. उंदरांवरील प्रयोगांत अर्बुदे मावळल्याचा वृत्तान्त १९६९ साली प्रसिद्ध झाला. हे द्रव्य पेशीतील डी.एन.ए.ला चिकटून त्याची नक्कल होऊ देत नाही. माणसांवर त्याचा वापर सुरू झाला, तेव्हा मूत्रपिंडांना इजा आणि असह्य वांत्या यांमुळे ते टाकून देण्याची वेळ आली होती. शिरेतून भरपूर द्रव देऊन मूत्रपिंडे जपण्याची रीत डॉक्टरांनी शोधली, म्हणून औषध टिकले. १९७४ साली इंडियाना विद्यापीठात लॉरेन्स आइनहॉर्न यांनी त्याला आणखी दोन औषधांची जोड दिली. शरीरभर पसरलेल्या वृषणाच्या कर्करोगाने पूर्वी बहुतेक तरुण रुग्ण दगावत. आता बहुतेक बरे होऊ लागले. १९७८ च्या डिसेंबरात अमेरिकन शासनाने ‘सिसप्लॅटिन’ला मान्यता दिली. भारतात मोठ्या प्रमाणावर आढळणाऱ्या तोंडाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगांतही किरणोपचारासोबत ते दिले जाते.

पेयरोने यांनी द्रव्य बनविले, वेर्नर यांनी त्याची घडण सांगितली, व्हॅन कॅम्प यांच्या जीवाणूंनी त्याचा गुण दाखविला आणि वैद्यांनी त्याचे विष आवरले. विजेने विभाजन थांबते काय, या रोझेनबर्ग यांच्या प्रश्नाला प्रयोगाने तसा दुजोरा दिलाच नाही. चुकलेल्या तर्कामागे काय घडले, हे विचारावयास ते शेजारच्या शास्त्रांच्या दारी गेले, एवढ्यामुळे असंख्य घरांतील तरुण मुले वाचली.