काळी, पांढरी आणि घराचा पाया : वारणाकाठच्या भेगांचा इतिहास

महाराष्ट्रातील जुन्या गावगाड्यात जमिनीचे दोन भाग मानले जात. पिकाखालची ती 'काळी' आणि वस्तीची ती 'पांढरी'. महसुलाच्या कागदपत्रांत आणि लोकांच्या बोलण्यात हे शब्द शतकानुशतके रुळलेले होते. त्यांत शेतसाऱ्याची सोय होती तशीच घर कोठे बांधावे आणि कोठे बांधू नये याची शिकवणही होती. पन्हाळा तालुक्यातील कोडोली हे वारणेच्या अंगाचे मोठे बाजारपेठेचे गाव. येथील घरांच्या पायाचा आणि त्या पायाला पडणाऱ्या भेगांचा इतिहास पाहावयाचा झाल्यास या काळी-पांढरीपासूनच आरंभ करावा लागतो.

जुने गावठाण शक्यतो उंचवट्यावर, जेथे मुरूम हाताशी लागतो अशा जागी वसे. पाया खणताना काळी माती लागली तर ती पूर्ण काढून मुरूम किंवा कातळ लागेपर्यंत खाली जाण्याचा गवंड्यांचा दंडक होता. 'माती संपली की पाया सुरू' असा त्यामागचा विचार. त्यावर दगडी जोते आणि जोत्यावर हात-दीड हात रुंदीच्या भिंती. ऐपतदार वाड्यांत धान्यासाठी बळद आणि क्वचित तळघरही असे. मातब्बर घरांत चुना वापरीत व इतरत्र चिखल. चुना बैलाच्या घाणीत दिवसेंदिवस मळून, त्यात गुळाचे पाणी, बेलफळाचा गर, हिरड्याचा काढा असे पदार्थ घालून तयार केला जाई. हा चुना सिमेंटपेक्षा मऊ, म्हणून कमी प्रतीचा, असा पुढे समज झाला. वस्तुतः त्याचा मऊपणा हाच त्याचा गुण होता. पाया किंचित हलला तर चुन्याचा सांधा थोडा झुकतो आणि ताण अनेक बारीक केसभेगांत वाटून टाकतो. त्या भेगांत पावसाचे पाणी झिरपले की चुन्याचा थोडा अंश विरघळतो, पुन्हा थिजतो आणि भेग आपोआप भरून येते. जुन्या वाड्यांच्या भिंती फुगलेल्या, कललेल्या दिसतात आणि तरीही उभ्या असतात, त्याचे एक कारण हे आहे.

त्या काळी दुरुस्ती हा वार्षिक कामाचाच भाग होता. पावसाळ्यापूर्वी कौले शाकारणे, जोत्याच्या दरजा उकरून पुन्हा चुन्याने भरणे, भिंतीत रुजलेले पिंपळाचे रोप मुळासकट काढणे ही कामे कोणाला सांगावी लागत नसत. जैन परंपरेत जीर्णोद्धाराला नवनिर्मितीच्या तोडीचे, किंबहुना काकणभर अधिकच, स्थान दिलेले आहे. तो विचार मंदिराइतकाच घरालाही लागू पडतो, हे मात्र पुढच्या काळात विसरले गेले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वारणाकाठचे चित्र पालटले. तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने पन्नाशीच्या दशकात सहकारी साखर कारखान्याची उभारणी झाली, वारणानगर आकाराला आले, उसाखालचे क्षेत्र वाढले, उपसा योजनांनी पाणी शिवारात पोहोचले. हातात पैसा आला, कुटुंबे वाढली, वाड्यांच्या वाटण्या झाल्या. गावठाण अपुरे पडू लागले आणि वस्ती पांढरी सोडून काळीत उतरली. बिगरशेती प्लॉट पाडून त्यावर विटा-सिमेंटची घरे उभी राहिली. या स्थित्यंतराचे कौतुक पुष्कळ झाले आहे आणि ते योग्यच आहे. त्याचा एक परिणाम मात्र भिंतींवरच लिहिला गेला.

काळी माती ही दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन बनलेली. तिच्यातील 'माँटमोरिलोनाइट' हे चिकणखनिज पाणी शोषून फुगते आणि वाळले की आकसते. वैशाखात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाच्या पावसानंतर त्या मिटतात, हे प्रत्येक शेतकऱ्याने पाहिलेले असते. तीच माती घराखालीही असते, याचा विसर पडतो. घराच्या मधल्या भागाखालची माती वर्षभर जवळपास एकाच ओलीत राहते. कडेची मात्र उन्हाळ्यात आकसते व पावसाळ्यात फुगते. घराचे कोपरे असे दरवर्षी खाली-वर होतात. एका बाजूला उसाचा पाट आणि दुसऱ्या बाजूला कोरडे अंगण असेल तर ही विषमता अधिकच वाढते. खिडकीच्या कोपऱ्यातून निघून विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी तिरपी जाणारी भेग ही या हालचालीची खूण होय.

या प्रश्नावर भारतीय संशोधकांनी मोलाचे काम केले आहे. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी तळाशी फुगवटा असलेल्या आखूड खांबांचा पाया विकसित केला. ऋतूंचा परिणाम जेथपर्यंत पोहोचत नाही त्या खोलीवर तो फुगवटा घराला धरून ठेवतो. मुंबईच्या आय.आय.टी.तील डॉ. आर. के. कट्टी यांनी फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिवट मातीचा जाड थर दाबून बसविला तर खालच्या मातीची फुगण्याची शक्ती आटोक्यात राहते, असे सिद्ध केले. कर्नाटकातील मलप्रभा प्रकल्पाच्या कालव्यासाठी ही पद्धत वापरली गेली. गावोगावी घर बांधणाऱ्यांपर्यंत यातले फारसे पोहोचले नाही. तेथे तीन-चार फूट खणून दगड-माती भरण्याचीच रीत चालू राहिली.

अशा अवस्थेत ११ डिसेंबर १९६७ ची पहाट उजाडली. ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झाले, सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली आणि कोल्हापूर, पुणे, मुंबईपर्यंत जमीन हादरली. दख्खनचे पठार स्थिर आहे ही दीर्घकालीन समजूत त्या पहाटे संपली. १९६२ च्या भारतीय मानकाच्या नकाशात हा सारा प्रदेश भूकंपाच्या दृष्टीने निर्धोक गणला होता. १९७० च्या सुधारणेत कोयना परिसर चौथ्या विभागात आला.

भेगांच्या इतिहासात कोयनेचे महत्त्व आणखी एका कारणासाठी आहे. १०३ मीटर उंचीच्या त्या धरणालाच भेगा पडल्या. माथ्यापासून सुमारे ३६ मीटर खाली, जेथे धरणाच्या पाठीचा उतार एकदम बदलतो, तेथे दोन्ही अंगांना आडव्या भेगा उमटल्या. आकारात जेथे अचानक बदल होतो तेथे ताण साठतो, हा नियम घराच्या खिडकीच्या कोपऱ्याला आणि शंभर मीटरच्या धरणाला सारखाच. अभियंत्यांनी भेगांत दाबाने इपॉक्सी भरले आणि माथ्यातून खाली पोलादी तारा ओवून त्या ताणून बसविल्या. एवढ्यावर ते थांबले नाहीत. पुढील काही वर्षांत धरणाच्या पाठीला काँक्रीटचे भक्कम टेकू देऊन मूळ आकारातील उणीवच दूर करण्यात आली. घराच्या दुरुस्तीत इपॉक्सीचे नाव आज सर्रास घेतले जाते. त्यामागोमाग आलेल्या टेकूची आठवण मात्र क्वचितच निघते.

त्यानंतर १९९३ साल उजाडले. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत हाहाकार उडविला. जेथे माणसे गेली ती घरे बहुतांशी दगडी होती, भिंती जाडजूड होत्या. परंतु त्या भिंतींचे आतले आणि बाहेरचे दोन पदर एकमेकांना बांधलेले नव्हते, मधे नुसते दगडगोटे आणि चिखल भरलेला होता. धक्का बसताच दोन्ही पदर उकलले आणि माळवदाचे ओझे खाली आले. त्याच वर्षी ऑगस्ट आणि डिसेंबरमध्ये वारणा धरणाच्या परिसरातही ५ रिश्टरच्या आसपासचे धक्के बसले. १९८५ पासून त्या जलाशयात पाणी साठू लागले होते आणि धरण कोडोलीपासून सरळ रेषेत पन्नास किलोमीटरच्या आतच आहे. वारणाकाठी अंगणात येऊन उभे राहण्याची ती रात्रीची धास्ती अनेक ज्येष्ठांच्या स्मरणात राहिली.

किल्लारीनंतरच्या पुनर्वसन कार्यक्रमात नव्या वसाहतींबरोबरच जुन्या घरांच्या मजबुतीकरणाचे काम हाती घेण्यात आले आणि सुमारे दोन लाख घरे त्यात दुरुस्त झाली. भिंतीला आरपार भोके पाडून त्यांत सळई व काँक्रीट भरणे, म्हणजे दोन्ही पदर एकत्र शिवणे. खिडक्या-दारांच्या वर जाळीचा पट्टा चौफेर फिरविणे. छपरावरची जादा माती उतरविणे, अशी ही कामे होती. १९९३ मध्येच इमारतींच्या दुरुस्तीसाठी १३९३५ क्रमांकाचे भारतीय मानक प्रसिद्ध झाले. लोकांचा ओढा तरीही नव्या घराकडेच होता. जुन्या भिंतीवर एकदा भय बसले की तिच्यावरचा विश्वास परत आणणे हे गवंडीकामाहून अवघड असते.

जमिनीखालच्या भिंतीचा प्रश्न याहून वेगळा आहे. तळघराच्या भिंतीला बाहेरून माती रेटत असते आणि माती भिजली की तिच्या जोडीला पाणीही रेटू लागते. अशा भिंतीच्या मधोमध आडवी भेग आली व भिंत आत फुगली, तर तो गिलाव्याचा दोष नव्हे. बाहेरचा रेटा भिंतीच्या ताकदीपलीकडे गेल्याची ती सूचना असते. जमिनीखालच्या साठवणीचा सर्वांत विलक्षण नमुना वारणा जेथे कृष्णेला मिळते त्या हरिपुरात आहे. तेथील मातीत खणलेल्या पेवांत सांगलीची हळद वर्षानुवर्षे सुरक्षित राही. वीस-पंचवीस फूट खोल, तोंड अरुंद, पोट मोठे, आणि भिंत म्हणजे नुसती घट्ट माती, ना चुना ना दगड. उतरण्यापूर्वी आत कंदील सोडून हवा शुद्ध आहे की नाही हे पाहिले जाई. २००५ च्या महापुरात यांतील अनेक पेवे पाण्याखाली जाऊन ढासळली. पिढ्यान्पिढ्या कोरड्या राहिलेल्या त्या भिंतींना पाण्याने काही दिवसांत संपविले.

२०१९ आणि २०२१ मध्ये महापूर पुन्हा आला. दोन्ही वेळी राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली आणि वारणाकाठी निलेवाडीसारखी गावे पाण्याने वेढली गेली. पुरानंतर घराघरांतून एकच घाई दिसते. तळघरातील पाणी पंप लावून एका दिवसात उपसायचे. ही घाई घातक ठरू शकते. आतील पाणी बाहेरच्या रेट्याला तोलून धरीत असते. बाहेरची माती ओथंबलेली असताना आतील आधार एकदम काढला तर भिंत आत कोसळते, फरशी वर उचलली जाते. म्हणून बाहेरची पातळी उतरेल तसतसे, दररोज दोन-तीन फुटांहून अधिक नाही, असे टप्प्याटप्प्याने उपसणे हिताचे.

पुरानंतरचा दुसरा उपद्रव सिमेंटचा. ओल दिसली की जुन्या चुन्याच्या भिंतीवर आतून सिमेंटचा जाड गिलावा चढविला जातो. चार महिने भिंत छान दिसते. आत कोंडलेली ओल वाट शोधीत वर चढते, क्षार बाहेर फुटतात आणि गिलावा खपल्या धरून गळतो. जाताना जुन्या दगडाचा पापुद्राही घेऊन जातो. चुन्याच्या भिंतीला चुनाच हवा.

पाया खचला असेल तर तो खालून बांधून घेण्याची रीत जुनीच आहे. भिंतीखाली तीन-चार फूट लांबीचे खड्डे एक आड एक घ्यावयाचे, मुरूम लागेपर्यंत जावयाचे, काँक्रीट भरून ते पक्के होऊ द्यावयाचे आणि मगच मधल्या भागाला हात लावावयाचा. मजुरी वाचविण्यासाठी सारी बाजू एकदम उघडली की भिंत अधांतरी राहते. मात्र काळ्या मातीवरील बहुसंख्य घरांना एवढ्या मोठ्या कामाची गरजही नसते. घराभोवती चार-पाच फुटांचा उताराचा फरसबंद पट्टा, पागोळ्यांचे पाणी दूर नेणारी पन्हळ, न्हाणीघराच्या सांडपाण्याची बंद गटार आणि भिंतीपासून लांब ठेवलेली झाडे, एवढ्याने मातीची ओल वर्षभर सारखी राहू लागते व निम्म्या भेगांची वाढ थांबते. खर्च रंगकामापेक्षा फार नाही. परंतु रंग दिसतो आणि गटार दिसत नाही.

याहून अवघड गोष्ट सामाईक भिंतीची. वाटणीत वाड्याचे खण वाटले गेले. पाया आणि मधली भिंत कोणाच्याच वाट्याला पूर्ण आली नाही. एका भावाने आपल्या बाजूने भेग बुजविली, दुसऱ्याने आपल्या बाजूला नवे शौचालय बांधून त्याच भिंतीच्या मुळाशी पाणी सोडले, असे प्रकार गावोगाव आढळतात. एकाच पायावर उभ्या राहिलेल्या दोन घरांची दुरुस्ती एका बाजूने होत नाही. अनेक चांगले वाडे भूकंपाने वा पुराने पडले नाहीत. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी गवंडी बोलावण्यावर एकमत न झाल्याने पडले.

जुने गवंडी भेग भरण्यापूर्वी ती पाहत असत. तीवर आडवी काचेची पट्टी दोन्ही टोकांना घट्ट बसवून जवळ तारीख लिहावयाची, ही साधी पद्धत आजही अभियंते वापरतात. काच शाबूत राहिली तर भेग जुनी, थांबलेली. ती बुजविण्यास हरकत नाही. काच तडकली तर भेग जिवंत आहे आणि कारण अजून पायाशी आहे. काळ्या मातीच्या घरात ही पट्टी निदान एक पूर्ण वर्ष ठेवावी लागते, कारण भेग वैशाखात सर्वाधिक रुंद होते आणि श्रावणात मिटू पाहते. उन्हाळ्यात ती कडक सिमेंटने भरली तर पावसाळ्यात मिटायला तिला जागा उरत नाही, मग शेजारी दुसरी भेग उघडते. म्हणून पट्टी अक्षय्यतृतीयेला बसवावी, दसरा-दिवाळीला पाहावी आणि पुन्हा पुढच्या अक्षय्यतृतीयेला पाहून मगच गवंड्याला बोलवावे.