टॉकीजमधली बायकांची बाजू



तुमच्यापैकी किती जणींनी गेल्या वर्षभरात टॉकीजमध्ये बसून पिक्चर पाहिला? टीव्हीवरचा नाही, मोबाइलवरचा नाही. तिकीट काढून, अंधारात, मोठ्या पडद्यासमोर बसून पाहिलेला. हा प्रश्न आपापल्या बचत गटाच्या बैठकीत टाकून पाहा. किती हात वर होतात ते मोजा. मग विचारा, शेवटचा कोणता पाहिला होता आणि कोणासोबत? दुसऱ्या प्रश्नाला गप्पा जास्त रंगतील, कारण बाईला पिक्चरच्या गोष्टीइतकंच आठवतं ते सोबत कोण होतं, घरी काय सांगून निघालो आणि परतायला किती उशीर झाला.

लोक म्हणतात, मोबाइल आला आणि टॉकीज गेली. पुरुषांच्या बाबतीत हे निम्मं खरं धरू. बायांच्या बाबतीत मात्र ही कहाणी मोबाइलच्या फार आधी सुरू होते. ती सांगायची तर थोडं मागं जावं लागेल.

मुंबईत ७ जुलै १८९६ ला वॉटसन हॉटेलमध्ये हलत्या चित्रांचा पहिला खेळ झाला. तिकीट एक रुपया. त्या काळचा एक रुपया म्हणजे गरिबानं नुसतं ऐकायचं. पुढं दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला आणि ३ मे १९१३ ला तो गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. त्यात तारामतीचं काम करायला बाई मिळेना. ज्यांना समाज नावं ठेवायचा त्या बायांनीसुद्धा नकार दिला. शेवटी हॉटेलात स्वयंपाक करणारे अण्णा साळुंके लुगडं नेसून तारामती झाले. पडद्यावर बाई नव्हती, पण पडद्यामागं होती. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला आणि रात्री बसून फिल्मच्या पट्टीला भोकं पाडायचं कामही केलं. त्यांच्या नावाची पाटी मात्र त्या चित्रपटाला नव्हती. पुढच्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोघी मायलेकी पडद्यावर आल्या.

पाहणाऱ्या बायांचं काय? चांगल्या घरच्या बाईनं तमाशाला जायचं नाही, नाटकाला जायचं तर घरच्यांसोबत, असा तो काळ. सिनेमाला वाट मिळाली ती देवाच्या नावानं. हरिश्चंद्र, कृष्ण, संत, पुराण. देवदर्शनाला निघाली म्हटलं की सासूही आडवी येत नाही. १९३६ मध्ये प्रभात कंपनीचा 'संत तुकाराम' आला. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात तो ५७ आठवडे चालला आणि पुढं व्हेनिसच्या महोत्सवातही नावाजला गेला. विष्णुपंत पागनीस तुकोबा झाले होते. पण मला वाटतं, त्या चित्रपटात बायांना आपलं माणूस दिसलं ते गौरीबाईंनी केलेल्या जिजाईत. नवरा देवात रमलेला, घरात दाणा नाही आणि लेकरं भुकेली. ती बाई देवालाच फैलावर घेते. असं मोठ्यानं बोलायची मुभा पाहणाऱ्या किती जणींना घरी होती?

आपल्या जिल्ह्याची एक गंमत सांगते. १९३६ पासून गांधीजींचा मुक्काम सेवाग्रामला होता. त्यांना सिनेमा मुळीच आवडत नसे. तरी १९४४ मध्ये तुरुंगातून सुटल्यावर, मुंबईत जुहूला विश्रांती घेत असताना, त्यांनी एक हिंदी चित्रपट पाहिला. तो होता 'रामराज्य'. म्हणजे महात्म्यालाही पडद्यासमोर बसवायला रामाचंच नाव लागलं.

टॉकीज शहरात होती. खेड्यात सिनेमा यायचा तो तंबूतून. ट्रकवर यंत्र, पडदा आणि रिळांच्या पेट्या लादून ही फिरती टॉकीज यात्रेच्या गावी मुक्कामाला यायची. सातारा जिल्ह्यातल्या पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेतले असे तंबू तर अगदी अलीकडंपर्यंत प्रसिद्ध होते. फिरत्या टॉकीजवाल्यांवर २०१६ मध्ये निघालेला माहितीपट फ्रान्समधल्या कान महोत्सवापर्यंत गेला. तंबूत खुर्ची नसायची. जमिनीवर बसायचं आणि मधोमध दोर नाही तर कापड बांधलेलं असायचं. एका अंगाला पुरुष, दुसऱ्या अंगाला बाया. शहरातल्या जुन्या टॉकीजमध्येही बायांची तिकिटाची खिडकी वेगळी आणि बसायची जागा वेगळी असे.

आजच्या शिकलेल्या पोरींना हा दोर मागासलेपणाचा वाटेल. तो तसा होताच. पण त्या दोराच्या अलीकडं बायांचं राज्य होतं. लेकरू मांडीवर पाजत, शेंगा फोडत, पडद्यावरच्या सासूला शिव्या घालत, मनसोक्त रडत तीन तास बसता यायचं. कोणी म्हणायचं नाही, "कावून रडतेस?" घरी रडायलाही कारण द्यावं लागतं.

आता आपल्याकडची एक बाब, जी पुष्कळ जणींना ठाऊक नसते. सिनेमाच्या धंद्यात आपल्या भागाला अजूनही 'सी.पी.-बेरार' म्हणतात, म्हणजे मध्य प्रांत आणि वऱ्हाड. तो प्रांत राज्याच्या नकाशावरून गेला, सिनेमावाल्यांच्या वहीतून गेला नाही. या भागाला चित्रपट पुरवणाऱ्या कचेऱ्या अमरावतीला आणि भुसावळला होत्या. चित्रपटाच्या प्रती मोजक्या, एकेक प्रत महाग. म्हणून पिक्चर आधी मोठ्या शहरात चालायचा आणि तीच घासलेली रिळं मग तालुक्याच्या गावाला यायची. पडद्यावर पाऊस पडल्यासारख्या रेघा दिसायच्या आणि मध्येच गाणं तुटायचं. तोवर त्याची गाणी रेडिओवरून पाठ झालेली असायची, म्हणून तुटलेलं गाणं बायाच पुरं करायच्या. अमरावतीला गेलात तर रिक्षावाला आजही तुम्हाला चित्रा चौक, श्याम चौक, प्रभात चौक सांगेल. नागपुरात पंचशील चौक आहे, अलंकार चौक आहे. ही सगळी टॉकीजची नावं. पिक्चरपेक्षा चौकच टिकाऊ निघाले.

बायांच्या गर्दीचे दोन मोठे हंगाम सांगायलाच हवेत. पहिला १९७५ चा. 'शोले' आणि 'दीवार' ज्या वर्षी आले, त्याच वर्षी थोडक्या पैशात काढलेला 'जय संतोषी माँ' आला. बाया चपला बाहेर काढून टॉकीजमध्ये शिरत. पडद्यावर देवी आली की फुलं आणि चिल्लर उधळत, आरती ओवाळत. शुक्रवारचं व्रत आणि गूळ-चण्याचा प्रसाद त्या पिक्चरनं घराघरांत नेला. दुसरा हंगाम १९९१ चा, विजय कोंडके यांच्या 'माहेरची साडी'चा. अलका कुबल पडद्यावर रडत आणि खाली टॉकीज रडे. शहाण्या लोकांनी त्या चित्रपटाला नावं ठेवली, अजूनही ठेवतात. ठेवू द्या. पदर भिजवून घरी आलेल्या बाईला आपण काय पाहिलं ते नीट कळलेलं होतं.

या दोन हंगामांच्या मधल्या काळात टॉकीजच्या मुळाशी पाणी शिरलं होतं. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि १९८२ मध्ये टीव्ही रंगीत झाला. जानेवारी १९८७ पासून दर रविवारी सकाळी 'रामायण' लागू लागलं. गावात एखाद्याच घरी टीव्ही, त्याला हार घातलेला आणि अंगणभर माणसं. ज्या देवाच्या नावानं बाई टॉकीजपर्यंत पोचायची, तो देवच आता घरी आला. मग घराबाहेर पडायला निमित्त कोणतं सांगायचं? माझ्या मते बायांची टॉकीज सुटायला इथून सुरुवात झाली.

त्याच सुमाराला व्हीसीआर आला. लग्नात, गणपतीत तो भाड्यानं आणायचा आणि रात्रभर एकामागून एक तीन पिक्चर. पुढं १९९२ पासून केबल, मग खासगी वाहिन्या. १९९९ मध्ये मराठीची वेगळी वाहिनी निघाली आणि संध्याकाळच्या मालिका सुरू झाल्या. मालिका पाहताना हात मोकळे लागत नाहीत. भाजी निवडा, पीठ मळा, लेकराचा अभ्यास घ्या, मालिका चालूच. सोय खरी. पण टॉकीजमधले तीन तास तुम्हाला कोणी चहा मागत नव्हतं.

बाया आणि त्यांच्यासोबत येणारी लेकरं कमी झाली तसा टॉकीजचा पाया खचला. मालकानं खुर्च्या दुरुस्त करणं सोडलं, संडासाची कडी तुटली ती तुटलीच, पंखे बंद. उरलेल्या पोरांच्या गर्दीसाठी तसलेच पिक्चर लागू लागले आणि बाहेरचं पोस्टर पाहूनच बाई मान खाली घालून पुढं जाऊ लागली. आपल्याकडं दोन हजार पाचनंतरच्या भारनियमनानं जनरेटरच्या डिझेलचा खर्चही मालकाच्या माथी आला. पुढं रिळं जाऊन डिजिटल यंत्रं आली, ती बसवायला पुन्हा पैसा हवा. जमीन मोक्याची आणि धंदा बुडीत. बऱ्याच ठिकाणी टॉकीजचं मंगल कार्यालय झालं नाही तर दुकानांची चाळ. काही नुसत्याच उभ्या आहेत, कबुतरांसाठी.

शहरात त्याच वेळी उलटा प्रकार झाला. राज्य सरकारनं २००१ च्या सुमारास मल्टिप्लेक्सला करमणूक करात सवलत दिली आणि मॉलमध्ये गारेगार थिएटरं निघाली. पाचशे-हजार माणसं बसवायची गरज उरली नाही. दोनशे बसवा आणि तिकीट चढं ठेवा. मग चित्रपटही त्या दोनशेंच्या आवडीचे निघू लागले. आकडे पाहा. २०२३ मध्ये देशभरात साधारण ९४ कोटी तिकिटं विकली गेली आणि २०२४ मध्ये ८८ कोटींच्या आसपास. कमाई मात्र दोन्ही वर्षं बारा हजार कोटींच्या आगेमागे. माणसं घटली, तरी गल्ला फारसा घटला नाही. मग खेड्यातला प्रेक्षक गेला याचं दुःख धंद्याला का व्हावं?

सप्टेंबर २०१६ नंतर स्वस्त इंटरनेट आलं. कोरोनात मार्च २०२० पासून थिएटरं बंद झाली, मध्ये काही महिने अर्ध्या खुर्च्यांवर चालली आणि आपल्या राज्यात २२ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा उघडली. तोवर मोबाइलवर पिक्चर पाहायची सवय पक्की झाली होती. पण मोबाइल कोणाचा? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी ५४ टक्के जणींकडंच स्वतः वापरायचा मोबाइल होता, आणि खेड्यात त्याहून कमी. त्याच पाहणीतला दुसरा आकडा मला जास्त टोचतो. बाजार, दवाखाना आणि गावाबाहेर, या तिन्ही ठिकाणी एकटीनं जायची मोकळीक फक्त ४२ टक्के बायांना होती. सिनेमाला जाता का, हे त्या यादीत कोण विचारतं, बाप्पा!

म्हणून "लोकांना आता घरीच बसायला आवडतं" असं कोणी म्हटलं की मी त्याला झाडीपट्टीकडं बोट दाखवते. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या आपल्याच विदर्भातल्या जिल्ह्यांत दिवाळीपासून होळीपर्यंत रात्र-रात्र नाटकं होतात. वडसा हे त्या मंडळींचं ठाणं. मोबाइल तिकडंही पोचला आहे. तरी मंडईच्या, शंकरपटाच्या निमित्तानं तिकीट काढून माणसं पहाटेपर्यंत बसतात. बायासुद्धा, चादरी पांघरून, लेकरं कुशीत घेऊन. कारण नाटक त्यांच्या गावात येतं, गोष्ट त्यांच्या ओळखीची असते, तिकीट परवडतं आणि रात्री पायी घरी जाता येतं.

सिनेमाचंही तसंच. नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २९ एप्रिल २०१६ ला लागला तेव्हा तालुक्याच्या गावी मध्यरात्री जादा खेळ लावावे लागले. ३० जून २०२३ ला केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' आला. मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येणाऱ्या सहा बहिणींची ती गोष्ट. भिश्यांचे गट, भजनी मंडळं, शाळेतल्या बाई, सासवा-सुना, सगळ्या नऊवारी नेसून, काळे गॉगल लावून थिएटरात गेल्या. खेळ सुटल्यावर तिथंच फेर धरले. कितीतरी ठिकाणी सगळं थिएटर बायांनी भरलेलं होतं. मधला दोर नव्हता, तरी बायकांची बाजू पुन्हा झाली होती.

आष्टीहून जायचं तर तळेगाव गाठायचं आणि तिथून नागपूर नाही तर अमरावतीची गाडी. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त आपल्याला अर्धं तिकीट आहे, म्हणजे जाण्यायेण्याचा खर्च निम्मा झाला. चित्रपटाचं तिकीट सकाळच्या आणि दुपारच्या खेळाला, शनिवार-रविवार सोडून, बहुधा स्वस्त असतं. मोठ्या गटानं आधी विचारलं तर काही थिएटरवाले दरात सवलतही देतात. अडचण आहे ती परतीच्या शेवटच्या गाडीची. त्यामुळं बाराचा खेळ धरायचा, तीनला बाहेर पडायचं आणि दिवेलागणीच्या आत घरी. घरी काय सांगायचं, ते ज्या गटानं त्यानं ठरवावं. आमच्या गटानं "पिक्चर पाहायला चाललो" एवढंच सांगायचं ठरवलं आहे.