दिनविशेष : १ एप्रिल १८८८ – गावच्या क्लबने जिंकला हर्लिंगचा पहिला अंतिम सामना

आयर्लंडमधील बर या गावी ईस्टरच्या रविवारी हर्लिंग या खेळाची पहिली अखिल आयर्लंड अंतिम लढत झाली. स्पर्धा १८८७ सालची, पण निकाल लागायला पुढचे वर्ष उजाडले. टिपरेरी परगण्यातर्फे उतरला होता थर्लस गावाचा क्लब, तर गॉलवे परगण्यातर्फे मीलिकचा. त्या काळी परगण्यातील निवडक खेळाडू गोळा करण्याची पद्धतच नव्हती. परगण्यात जिंकेल तो क्लब परगण्याचा प्रतिनिधी. एका बाजूला २१ खेळाडू, हातात ॲश लाकडाची वाकडी काठी आणि गोल एक झाला, की समोरच्याचे कितीही गुण असोत, ते फिके!

गंमत म्हणजे थर्लसचा संघ घरूनच फुटून निघाला. प्रवासखर्चावरून बिनसले आणि कर्णधार डेनिस माहेर व काही खेळाडू गाडीत चढलेच नाहीत. नेतृत्व आले जिम स्टेपलटनकडे. टॉमी हीलीने गोल केला आणि मीलिकला एकही गुण मिळू न देता थर्लस विजेते ठरले.

ही स्पर्धा भरवणाऱ्या गेलिक ॲथलेटिक असोसिएशनची स्थापनाही १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्लसच्याच हेज हॉटेलमध्ये झाली होती, त्यामुळे हे यश गावाला शोभणारेच. पुढे याच क्लबचा टॉम सेंपल १९०६ आणि १९०८ मध्ये टिपरेरीचा विजयी कर्णधार झाला. थर्लसच्या मैदानाला आज त्याचेच नाव आहे.